नव्या भागात दुर्मीळ वटवाघूळ आढळले, तर ओळख पक्की कशी करायची

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात भीमगडाच्या जंगलात, तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तिथल्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाचे वर्णन १९१३ साली प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी प्रसिद्ध केले आणि मुंबई इलाख्यात वनाधिकारी राहिलेल्या रॉबर्ट रॉटन यांचे नाव त्याला दिले. आज ते ओटोमॉप्स रॉटनाय या नावाने ओळखले जाते. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे जगात त्याचा पत्ता एवढाच होता: बारापेडे. मग कंबोडियातून नोंद आली, पाठोपाठ मेघालयातल्या गुहांतून आली. खानापूर ते मेघालय अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात आहे. मधल्या भागात हे वटवाघूळ नाहीच, असे म्हणायला कुणाकडेच आधार नाही.

म्हणून सत्तरी, चोर्ला, तिळारी, आंबोली किंवा त्याहून लांबच्या कुठल्याही कड्याकपारीत काम करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरण मुख्यतः रॉटनच्या वटवाघळाचे घेतो, कारण ते आपल्या दाराशी आहे. पद्धत कुठल्याही दुर्मीळ जातीला लागू पडते आणि तिचा गाभा असा: दुर्मीळ नाव सगळ्यात शेवटी घ्यायचे. आधी एकेक करून सगळी सामान्य नावे खोडायची. ज्याने नाव आधी ठरवले, त्याला पुढचा प्रत्येक पुरावा त्याच नावाकडे बोट दाखवताना दिसतो.

सुरुवातीआधी: परवानगी आणि लस

गुहेबाहेर उभे राहून पाहणे, मोजणे, आवाज ध्वनिमुद्रित करणे यात वटवाघळाला हात लागत नाही. मात्र जागा अभयारण्यात किंवा राखीव जंगलात असेल, तर नुसत्या प्रवेशालाही वनविभागाची परवानगी लागते. जाळे लावणे, पकडणे, पंखाचा तुकडा घेणे, मेलेले वटवाघूळ जवळ ठेवणे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कक्षेत येते आणि त्यासाठी राज्याच्या वनविभागाकडून लेखी परवानगी हवी. रॉटनचे वटवाघूळ त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज हंगामाच्या बराच आधी करा. एखाद्या महाविद्यालयाशी किंवा संशोधन संस्थेशी जोडून घेतले, तर काम सोपे होते.

वटवाघळे हाताळणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. तरीही चावा बसलाच, तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले होते. तेवढ्यावरून वटवाघळांना हाकलण्याचे काही कारण नाही. आपण हातमोजे आणि एन-९५ मास्क वापरण्याचे मात्र नक्की आहे. विष्ठेच्या धुळीतली बुरशी फुप्फुसाला बाधते, म्हणून बंदिस्त गुहेत मास्क काढूच नका.

पहिली पायरी: संशयितांची यादी

घरी बसून करायचे काम आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. आपल्या जिल्ह्यातून आणि लगतच्या जिल्ह्यांतून आजवर नोंदलेल्या सगळ्या जाती लिहून काढा. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत, पण एका जिल्ह्याची यादी साधारण दोन-तीन पानांत मावते. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: अग्रबाहूची लांबी, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड, किमान ते कमाल, नाकावर पान आहे की नाही, शेपटी कशी, आवाजाची वारंवारता.

नोंद कशावर आधारलेली आहे, तेही पाहा. संग्रहालयात नमुना आहे, मापे छापली आहेत, की नुसते नाव यादीतून यादीत उतरत आले आहे? वटवाघळांची वर्गवारी गेल्या पंचवीस वर्षांत फार बदलली. जुन्या लेखातले नाव आज दोन-तीन जातींत विभागलेले असू शकते.

मग गावात विचारा. धनगर, गवळी, मध काढणारे, जुने शिकारी यांना गुहा ठाऊक असतात. 'इथे दुर्मीळ वटवाघूळ आहे का' असे विचारून काही हाती लागत नाही. पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळे, कुठल्या फटीतून निघतात, किती वाजता, पावसाळ्यात असतात का, पूर्वीपेक्षा कमी झाल्या का, असे विचारा.

दुसरी पायरी: लांबून कुळ ओळखा

दिवस मावळण्याच्या अर्धा तास आधी गुहेच्या तोंडाशी, पण उड्डाणाच्या वाटेतून बाजूला बसा. तांबडा प्रकाश, तोही कमीत कमी. आत जायची घाई नको. आणि मादीच्या अंगाला पिल्ले चिकटलेली दिसली, तर त्या हंगामात आत जाणे पूर्ण बंद. घाबरलेली मादी उडते, पिल्लू खाली पडते आणि खाली पडलेले पिल्लू वाचत नाही.

जातीचा विचार इतक्यात नको, कुळ ठरवा. नाकावर मांसल पान असेल, तर नालनासिक, पर्णनासिक किंवा लायरोडर्माच्या (त्याचे वर्णन खाली येते) गटातली वटवाघळे. उडताना नाक दिसत नाही, पण छताला लटकलेले असताना दुर्बिणीतून दिसते. पान नसेल तर शेपटीकडे पाहा, कारण खरी फोड तिथेच होते.

मुक्तपुच्छ वटवाघळांत शेपटीचा जाड, उंदरासारखा भाग पायांमधल्या पडद्याच्या कडेपलीकडे मोकळा निघालेला असतो. रॉटनचे वटवाघूळ याच कुळातले. टॅफोझस गटातल्या वटवाघळांत, जी आपल्याकडच्या किल्ल्यांत आणि लेण्यांत सर्रास दिसतात, शेपटी पडद्याच्या वरच्या पृष्ठभागातून मध्येच बाहेर येते आणि कडेपर्यंत पोहोचत नाही. ऱ्हायनोपोमा गटात शेपटी लांब, बारीक, दोरीसारखी लोंबते आणि पडदा अगदी तोकडा असतो. साध्या पाकोळ्यांत शेपटी पडद्यात शेवटपर्यंत गुंडाळलेली असते. हे चार प्रकार एकदा डोळ्यांत बसले की अर्धी यादी जागच्या जागी खोडता येते.

उड्डाणावरूनही अंदाज येतो. मुक्तपुच्छांचे पंख लांब आणि अरुंद, उड्डाण वेगवान, सरळ, झाडांच्या बरेच वर मोकळ्या आभाळात. नालनासिक वटवाघूळ झुडपांतून, जमिनीलगत, भिरभिरत जाते.

एक सापळा इथेच सांगतो. 'मोठे कान, मध्ये जोडलेले' एवढ्यावरून बरेच जण रॉटनचे वटवाघूळ जाहीर करून टाकतात. गुहांत, पडक्या वाड्यांत राहणाऱ्या लायरोडर्मा लायरा या अगदी सामान्य वटवाघळाचेही कान प्रचंड मोठे आणि मध्ये जोडलेले असतात. पण त्याच्या नाकावर ठळक उभे पान असते, कानातला छोटा पडदा म्हणजे ट्रॅगस दुभंगलेला असतो आणि बाहेर शेपटी दिसत नाही. तीन खुणा पाहिल्या तर गोंधळ उरत नाही. एकीवर थांबलात तर चूक ठरलेली.

तिसरी पायरी: आवाज

वटवाघळाला हात न लावता सर्वांत जास्त माहिती देणारी पायरी ही. बॅट डिटेक्टर, म्हणजे माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज टिपणारे यंत्र, किंवा ऑडिओमॉथसारखा स्वस्त रेकॉर्डर घ्या. ध्वनिमुद्रण पूर्ण वर्णपटाचे आणि वेव्ह फाइलमध्येच करा. एमपीथ्रीत हे आवाज उरतच नाहीत. सॅम्पलिंगचा दर जितका, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा आवाज पकडला जातो. म्हणजे ३८४ किलोहर्ट्झवर ठेवला, तर १९२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे मिळते आणि आपल्याकडच्या जवळपास सगळ्या जाती त्यात येतात.

आता फिल्टरची सेटिंग नीट पाहा. रातकिड्यांचा गोंगाट टाळायला १५ किंवा २० किलोहर्ट्झच्या खालचा आवाज कापून टाकायची सोय बहुतेक यंत्रांत असते आणि पुष्कळ जण ती चालू ठेवूनच जंगलात जातात. रॉटनच्या वटवाघळाचा आवाज १५ किलोहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे तरुण कानांना काही अंशी ऐकू येईल इतका खालचा. फिल्टर चालू असेल, तर जे शोधायला गेलात तेच यंत्र गाळून टाकेल, आणि रात्रभरच्या ध्वनिमुद्रणावरून 'आढळले नाही' असे तुम्ही प्रामाणिकपणे लिहाल. या जातीसाठी फिल्टर ८ किलोहर्ट्झच्या वर नको.

मग रातकिड्यांचे काय करायचे? त्यांचे आवाज याच पट्ट्यात येतात, पण स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या आवाजाच्या चित्रावर, ते एका जागी, एका ठेक्यात, मिनिटेन् मिनिटे चालू राहतात. वटवाघूळ जवळ येते आणि लांब जाते, म्हणून त्याच्या हाकांचा जोर चढतो आणि उतरतो. प्रत्येक हाक वरून खाली किंचित घसरते. भक्ष्यावर झेप घेताना हाका एकमेकींना चिकटत जातात आणि शेवटी सलग गुणगुण होते. ही गुणगुण मिळाली की किडा नव्हे, वटवाघूळच.

नालनासिकांच्या बाबतीत आवाज तर मापापेक्षाही बोलका. त्यांची हाक एकाच वारंवारतेवर सपाट चालते. सह्याद्रीत ज्याला सरसकट ऱ्हायनोलोफस रूक्सी म्हणत, त्यात दोन गट आढळले: एकाची हाक ८० किलोहर्ट्झच्या आसपास, दुसऱ्याची ९० च्या थोडी वर. डीएनएनेही दोन वेगळ्या जाती दाखवल्या आणि २०१२ मध्ये दुसरीला ऱ्हायनोलोफस इंडोरूक्सी हे नाव मिळाले. दिसायला दोघी इतक्या सारख्या की नुसत्या फोटोवरून हा फरक लक्षात येणे अवघड. मात्र सपाट हाकेची वारंवारता वटवाघूळ स्थिर असताना मोजा. उडताना ते स्वतःच आपली हाक खाली-वर करते, आणि गतीमुळे आपल्याला ऐकू येणारी वारंवारताही बदलते.

आवाजाच्या मर्यादाही सांभाळाव्या लागतात. मुक्तपुच्छ वटवाघळे मोकळ्या आभाळात हाक खाली आणतात, कड्याजवळ किंवा गुहेच्या तोंडाशी वर नेतात. एकाच वटवाघळाच्या दोन हाका दोन जातींच्या वाटू शकतात. म्हणून निदान वीस-पंचवीस स्वच्छ हाका मोजा, गुहेपासून लांब, मोकळ्यावरच्या. आपोआप नाव सांगणारी सॉफ्टवेअरे बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या आवाजांवर शिकवलेली आहेत. ती युरोपातले नाव बिनदिक्कत देतात, ते सरळ दुर्लक्षित करा. माझ्या मते, नव्या भागातल्या दुर्मीळ जातीचा दावा फक्त आवाजावर कधीच करू नये. 'संभाव्य' म्हणून नोंदवावा आणि पुढच्या पायरीला लागावे.

चौथी पायरी: हातात घेऊन मापे

परवानगी हाती आल्यावरच. मिस्ट नेट (बारीक धाग्यांचे ताणलेले जाळे) लावले तर एक क्षणही जाळ्यापासून लांब जायचे नाही. अडकलेले वटवाघूळ काही मिनिटांत स्वतःला इजा करून घेते. पुष्कळ वटवाघळांच्या गुहेच्या तोंडावर जाळे कधीही नको, तिथे हार्प ट्रॅप (उभ्या तारांचा सापळा, ज्यातून वटवाघूळ खालच्या पिशवीत घसरते) बरा. हे काम आधी अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकायचे. वाचून येत नाही.

वटवाघूळ स्वच्छ सुती पिशवीत ठेवा, पिशवीसकट वजन करा, मग रिकाम्या पिशवीचे वजा करा. आधी वय पाहा. पंख हलकेच उघडून बोटांच्या सांध्यामागे टॉर्च धरा. पिल्लाच्या सांध्याजवळ हाड अजून कूर्चेचे असते, तिथून उजेड आरपार दिसतो आणि सांधा लांबट, निमुळता असतो. प्रौढाचा सांधा गाठीसारखा गोल आणि अपारदर्शक. पिल्लाची मापे ओळखीसाठी वापरायची नाहीत. लहान माप आणि करडी फर पाहून 'नवी जात' सापडल्याचा भास अशा पिल्लांमुळेच होतो.

अग्रबाहू मोजताना पंख मिटलेला हवा. व्हर्नियर कॅलिपरचे एक टोक कोपराच्या बाहेरच्या टोकाला, दुसरे मनगटाच्या टोकाला, दाब न देता. तीन वेळा मोजा, ०.१ मिलिमीटरपर्यंत, आणि तिन्ही आकडे वहीत लिहा, नुसती सरासरी नको. डावा की उजवा तेही लिहा. मग कान, ट्रॅगस, शेपटी, मोकळ्या शेपटीचा भाग, नडगी, पाऊल.

रॉटनच्या वटवाघळाचा अग्रबाहू साधारण ६३ ते ६७ मिलिमीटर. आपल्या भागातल्या ज्या मुक्तपुच्छांशी गल्लत होऊ शकते, त्या टॅडारिडा ईजिप्टियाका आणि सुरकुत्या ओठांच्या केरेफॉन प्लिकेटसचा अग्रबाहू पन्नाशीच्या आतबाहेर राहतो. म्हणजे माप व्यवस्थित घेतले, तर हा फरक झाकणार नाही. कानांचे मात्र बारकाईने पाहा. टॅडारिडा ईजिप्टियाकाचे कान जवळ येतात, पण कपाळावर पट्टीने जोडलेले नसतात. केरेफॉनचे जोडलेले असतात. तेव्हा नुसती जोडपट्टी पुरत नाही. रॉटनच्या वटवाघळाचे कान लांब, पुढे थेट थोबाडाच्या टोकाकडे झुकलेले, आणि कानाच्या पुढच्या कडेवर बारीक काट्यांची रांग. भिंगाखाली ती रांग स्पष्ट दिसते. फर गडद चॉकलेटी, मानेखाली आणि खांद्यांवर फिकट राखाडी पट्टा, आणि दोन्ही कुशींवर, जिथे फर संपून पंख सुरू होतो, तिथे पांढरी बारीक रेघ.

फोटो काढताना चेहरा समोरून, चेहरा बाजूने, कान आणि ट्रॅगस जवळून, पाठ, पोट, उघडलेला पंख खाली मोजपट्टी ठेवून, शेपटीचा पडदा वरून आणि खालून, पाऊल आणि पंख पावलाला कुठे जोडला आहे ती जागा. यातला एक फोटो राहिला, तर ओळखकिल्लीतला, म्हणजे एकेक प्रश्न विचारत जातीपर्यंत नेणाऱ्या तक्त्यातला, नेमका तोच प्रश्न अनुत्तरित राहतो. सगळे दहा मिनिटांत उरका. दूध पाजणारी मादी असेल तर अग्रबाहू, चेहरा, शेपटी एवढेच घेऊन तिला पकडले तिथेच सोडा.

काही जातींना एवढे सगळे लागत नाही. केळीच्या सुकलेल्या पानात झोपणारे नारिंगी-काळ्या पंखांचे केरिव्हूला पिक्टा एका चांगल्या फोटोवर पक्के होते. उलट पिपिस्ट्रेलस कोरोमांड्रा आणि पिपिस्ट्रेलस टेनुइस या छोट्या पाकोळ्या जिवंत असताना खात्रीने वेगळ्या करणे फार अवघड. तिथे कवटी आणि नराचे शिश्नास्थी पाहावे लागते. आपली जात यांपैकी कुठल्या टोकाला आहे, ते आधीच जाणून घ्या.

पाचवी पायरी: खोडत जाणे

आता ती घरची यादी पुढ्यात घ्या. प्रत्येक नावापुढे लिहा: 'हे नाही, कारण…'. कारण एक असेल तर कच्चे, दोन स्वतंत्र असतील तर पक्के. शेवटी एकच नाव उरले, तरी ओळखकिल्ली पहिल्या प्रश्नापासून पुन्हा चालवा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला नाव न सांगता फक्त मापे आणि फोटो द्या.

या खोडण्याचे महत्त्व सलीम अली यांचे नाव धारण करणाऱ्या फळखाऊ वटवाघळाच्या इतिहासात दिसते. १९४८ साली अँगस हटन यांनी तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत एक फळखाऊ वटवाघूळ गोळा केले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) संग्रहात ते सायनोप्टेरस स्फिंक्स या सर्वत्र आढळणाऱ्या जातीच्या नावाने ठेवले गेले. सायनोप्टेरसला आखूड का होईना, शेपटी असते आणि कानांना फिकट किनार असते. या नमुन्याला बाहेर शेपटी नव्हती, कानांना किनार नव्हती. थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी तो नमुना पुन्हा तपासला आणि १९७२ मध्ये ती जातच नव्हे तर प्रजातीही (जीनस) नवी असल्याचे दाखवले: लॅटिडेन्स सलीमअलाय. चोवीस वर्षे ते वटवाघूळ कपाटातच होते. आपल्या भागातले दुर्मीळ वटवाघूळही कदाचित जुन्या संग्रहात चुकीच्या नावाने पडलेले असेल, म्हणून मुंबईचा बीएनएचएसचा संग्रह आणि आकुर्डीचे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे पश्चिम केंद्र यांच्याकडे चौकशी जरूर करा.

सहावी पायरी: डीएनए आणि नमुना

पंखाच्या पडद्यातून ३ मिलिमीटरचा गोल तुकडा, रक्तवाहिनी टाळून, शुद्ध अल्कोहोलमध्ये. ते भोक काही आठवड्यांत भरून येते. प्रयोगशाळेत सहसा सायटोक्रोम-बी किंवा सीओआय जनुक वाचतात आणि सार्वजनिक संग्रहातल्या नोंदींशी ताडतात. भारतीय वटवाघळांच्या नोंदी तिथे अजून विरळ आहेत, आणि काही चुकीच्या नावाने चढलेल्या आहेत. सर्वांत जवळची जुळणी म्हणजे तीच जात, असे धरू नका. ज्या नोंदीमागे संग्रहालयातला नमुना आहे, तिलाच वजन द्या. ऊतींचा नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते.

ओळखीसाठी जिवंत वटवाघूळ मारावे का, यावर माझे मत स्पष्ट आहे: एका गुहेत मोजकीच असलेल्या जातीत नको. मापे, फोटो, आवाज आणि पंखाचा तुकडा एवढे असेल तर मुक्तपुच्छांसाठी पुरेसे आहे. पंख्याला आपटून, तारेला अडकून किंवा मांजराने धरून मेलेले मिळाले, तर वनविभागाला कळवून ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, त्याआधी स्नायूचा छोटा तुकडा डीएनएसाठी वेगळा काढा आणि शेवटी नमुना नोंदणीकृत संग्रहात जमा करा.

नोंद लिहिताना

तारीख, वेळ, उंची, अधिवास, किती वटवाघळे, नर-मादी, सर्व मापे, यंत्र आणि त्याची सेटिंग, कोणकोणत्या जाती का खोडल्या: हे सगळे लिहा. जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा किंवा बीएनएचएसचे जर्नल अशा छोट्या नोंदी छापतात.

गुहेचे नेमके अक्षांश-रेखांश छापू नका, समाजमाध्यमांवर तर अजिबात टाकू नका. तालुका आणि उंची पुरे. अचूक जागा संग्रहालय आणि वनविभागाकडे असू द्या. कर्नाटकात कोलारजवळ हनुमानहळ्ळीला एक लहानशी गुहा आहे, तिथल्या हिपोसिडेरोस हायपोफायलसचे वर्णन १९९४ मध्ये झाले आणि जगात त्या वटवाघळाचा ठावठिकाणा जवळजवळ तेवढाच. तिच्या आसपास ग्रॅनाइटच्या खाणी चालत होत्या. अशा ठिकाणी नोंद छापून येण्याची वाट न पाहता, ओळख पक्की होताच वन अधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला लेखी कळवा. पत्रासोबत मापांचा तक्ता आणि दोन फोटो जोडा, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, गुहेबाहेरूनच, संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळे पुन्हा मोजायची तारीख त्याच पत्रात लिहून द्या.